‘पिशवीत पू म्हणजे कॅन्सरच’? आधी तुकडा तपासा

बीड-परभणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘पाळी गेल्यावर अंगावर लाल गेलं किंवा सोनोग्राफीत पिशवीत (गर्भाशयात) पू दिसला, तर तो कॅन्सरच. तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढू देऊ नका, त्यानं तो पसरतो. सरळ पिशवी काढा, नाहीतरी तिचा आता काय उपयोग?’

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त गेलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं, इतपत मेसेज बरोबर. पण अशा साधारण 10 बायकांत एकीलाच पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघतो. बऱ्याच जणींचं अस्तर वयानं नुसतं पातळ, कोरडं पडलेलं असतं.

पुवाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. उतारवयात पिशवीचं तोंड आक्रसतं, आतला स्राव तुंबतो आणि त्याचा पू होतो. तोंड बंद पडण्यामागे कधी जुनं रेडिएशन असतं, कधी खरोखर कॅन्सर. फार क्वचित हा दाह धुमसत राहून झँथोग्रॅन्युलोमॅटस एंडोमेट्रायटिस होतो. नाव भयंकर असलं तरी हा कॅन्सर नव्हे. मेलेल्या पेशींतली चरबी गिळून फुगलेल्या संरक्षक पेशी अस्तराची जागा घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसतात. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये मात्र जाड, वेडंवाकडं, कधी स्नायूत घुसल्यासारखं काहीतरी दिसतं. कॅन्सर समजून ऑपरेशन झालं आणि नंतर हा आजार निघाला, असं घडलेलं आहे. उलटही होतं : फेसाळ पेशींच्या आड कॅन्सर लपलेला असू शकतो. म्हणून एवढासा तुकडा पुरत नाही. आणि आपल्याकडे क्षयही तपासावाच लागतो.

तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरून बाई दगावते, ही भीती निराधार आहे. खरा धोका वेगळाच : पुवानं ताणलेली पिशवी नाजूक असते, तुकड्यासाठी नळी घालताना तिला छिद्र पडू शकतं. म्हणून पुवाचा निचरा आणि अँटिबायोटिक यांची सोय असलेल्या ठिकाणीच हे करावं.

राहिला ‘काय उपयोग’. हे बीडला कुणी विचारू नये. ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचं गाजल्यावर 2019 मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शिवाय कॅन्सर असलाच, तर ऑपरेशनच वेगळं करावं लागतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ओळखू न येता साधी पिशवी काढली, तर उपचार अर्धवट राहतात.

काही ठिकाणी काढलेली पिशवी ट्रेमध्ये नातेवाइकांना दाखवतात. पुढं ती कुठं जाते, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारा. ती पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही (त्यात तुकडा जपलेला असतो) मागून ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दुसरं मत घ्यायचं झालं, तर तेच लागतात.