खुनी डोकेबाज नव्हता, कागद कच्चे होते

भयपट मी आवडीने बघते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर खाली लगेच ‘ताई, भीती वाटत असेल तर बघू नका’ सुरू होईल. मॉलमधला रात्रीचा शेवटचा शो संपवून घोडबंदर रोडने एकटी रिक्षाने घरी येणारी बाई आहे मी. तो रस्ता रोज पार करणाऱ्याला भुताचं काय कौतुक! माझं भांडण आहे ‘सत्य घटनेवर आधारित’ या पाटीशी. त्यातही, ज्या खुनांचा छडा कधी लागलाच नाही त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या सिनेमांशी.

ऐरोलीच्या भाचीने परवा एक रील पाठवलं. ‘द स्ट्रेंजर्स’ नावाचा २००८ चा सिनेमा. मुखवटे घातलेले तिघं आडबाजूच्या एका घरात घुसतात. वर घोगऱ्या आवाजात सांगणं, की हे १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या केडी इथे खरंच घडलं आणि खुनी अजून मोकाट आहेत. खाली भाचीचा मेसेज, ‘मावशी, किती डोकेबाज असतील गं!’

खुद्द दिग्दर्शकाने सांगितलेली गोष्ट वेगळीच आहे. तो लहान असताना कुणीतरी त्यांचं दार वाजवून तिथे न राहणाऱ्या माणसाची चौकशी केली होती, आणि मग कळलं की आसपासची रिकामी घरं फोडली गेलीत. दुसरी प्रेरणा १९६९ मध्ये अमेरिकेत मॅन्सन टोळीने घरात घुसून केलेले खून, त्यातले आरोपी तर पकडले गेले, शिक्षाही झाली. केडी त्याला लोकांनी चिकटवलं. बरं, चिकटवलं तर चिकटवलं, पण केडीत झालं काय ते तरी बघा. एका केबिनमध्ये आई, तिचा मुलगा आणि मुलाचा मित्र मारले गेले. रात्री शेजारी झोपायला गेलेली मोठी मुलगी सकाळी घरी आली तेव्हा तिला ते दिसलं. बारा वर्षांची धाकटी बेपत्ता. १९८४ मध्ये तिची कवटी दुसऱ्याच काउंटीत सापडली आणि त्याच सुमारास एका निनावी माणसाने पोलिसांना फोन करून ती कुणाची आहे ते सांगितलं. फोन टेप झाला होता. टेप पुराव्याच्या खोक्यात तळाला गेली, तपासाच्या कागदांत नोंदच नाही. २०१३ नंतर ज्याच्याकडे ही केस नव्याने आली त्याच्या ती हाताला लागली. तोवर केबिनही २००४ मध्ये पाडून झाली होती. आता यात डोकेबाज कोण, ते भाचीनेच सांगावं.

मी कोर्ट नाक्यावर एका फौजदारी वकिलांकडे कारकुनी करते, त्यामुळे ते खोकं मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. गुन्हा खरा पण आरोपी मिळत नाही, असं झालं की आपल्याकडे पोलीस कोर्टात ‘अ’ समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवतात. तक्रारच खोटी असेल तर ‘ब’. अशी एखादी फाइल उघडून बघा. पंचनाम्यात दार पूर्वेला, नकाशात पश्चिमेला. पंच दिलेल्या पत्त्यावर राहतच नाही. मुद्देमालाच्या पाकिटावरचं लाखेचं सील इतकं फासलेलं, की शिक्का कुठला ते ओळखू येत नाही. काही केसेसमध्ये पोलीस मर मर मरतात आणि तरी हाती काही लागत नाही, तेही मी पाहिलंय. पण मुखवटेवाला महाबिलंदर मला अजून एकाही फाइलीत भेटलेला नाही.

टेक्सार्कानाचा किस्सा तर मला सहनच होत नाही. टेक्सास आणि आर्कान्सासच्या सीमेवरचं हे गाव. १९४६ मध्ये फेब्रुवारी ते मे या काळात तिथे आठ जणांवर हल्ले झाले, पाच गेले. संशयित होता, पण खुनाचा आरोप कुणावर सिद्ध झाला नाही. गेलेल्यांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती. त्या रात्री ती बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून परतत होती. तिला गोळ्या घातल्या होत्या. १९७६ मध्ये यावर ‘द टाउन दॅट ड्रेडेड सनडाउन’ आला. त्यात काय दाखवलं, तर खुनी ट्रॉम्बोनला सुरा बांधतो आणि वाजवता वाजवता तिला भोसकतो! पोरीचं वाद्य बदललं ते बदललं, वर त्याचंच हत्यार केलं. आणि हा सिनेमा त्या गावात ऑक्टोबरमध्ये उघड्यावर दाखवतात. कुठे? ज्या पार्कजवळ तिच्यासोबतच्या मुलाची गाडी सापडली, तिथेच. लोक चटया घेऊन जातात म्हणे.

आपल्याकडचा स्टोनमॅन घ्या. कलकत्त्यात १९८९ मध्ये तेरा खून झाले आणि तिथल्या पेपरांनी हे नाव पाडलं. पण त्याआधी, १९८५ पासून, सायन-किंग्ज सर्कल भागात तसेच बारा खून झाले होते. फुटपाथवर एकटा झोपलेला माणूस हेरायचा आणि तीसेक किलोचा दगड डोक्यात घालायचा. दोन्हीकडचा माणूस एकच होता का, तेही कधी ठरलं नाही. ठाण्याहून दादरला जाणाऱ्यांना सायन रोज लागतं. माझे बाबा सेकंड शिफ्ट करून शेवटच्या गाड्यांनी यायचे, त्या दिवसांत आई गॅलरीत उभी असायची. बाबा म्हणायचे, ‘अगं, तो झोपलेल्यांना मारतो, मी तर डब्यात उभा असतो.’

मुंबईत या खुनांमागे एकच पद्धत आहे हे पोलिसांच्या ध्यानात यायला सहावा खून व्हावा लागला. मेलेल्यांतल्या बहुतेकांची नावंच कळली नाहीत. रोज एकटा झोपणारा माणूस, दुसऱ्या दिवशी त्याला शोधत येणारं कुणी नाही. २००९ मध्ये त्यावर सिनेमा आला, के के मेननने नेहमीप्रमाणे झकास काम केलं. निलंबित पोलीस, पाऊस, अंधार, पाठलाग, सगळं आहे. फुटपाथवरचे मात्र दगड पडेपर्यंतच पडद्यावर असतात.

ठाणे स्टेशनवर लोहमार्ग पोलिसांनी लावलेले अनोळखी मृतांचे फोटो कधी थांबून बघितलेत? ‘पुरुष, वय अंदाजे ४०, बांधा सडपातळ, उजव्या हातावर गोंदण.’ सात पंचावन्नची पकडायच्या घाईत आपण त्याला पाठ टेकून उभे असतो.

दक्षिण कोरियातल्या ह्वासोंगमध्ये एकामागून एक बायकांचे खून झाले होते. त्यावरचा २००३ चा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ भयपट नाही, पण भाचीला मी तोच बघायला सांगितला. तिथला खुनी २०१९ मध्ये डीएनएवरून सापडला. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. जुन्या तपासात पोलिसांनी त्याची चौकशीही केली होती, पण चुकीच्या रक्तगटाच्या भरवशावर सोडून दिलं. आणि त्यातल्या एका खुनासाठी भलताच माणूस वीस वर्षं आत राहून आला. भाची म्हणाली, ‘हे जास्त भयंकर आहे.’ मग मी आणखी काय बोलणार!

असो. ८५ ते ८८ च्या काळात सायन, किंग्ज सर्कल, माटुंग्याकडे राहिलेलं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. तुमच्या गल्लीत झोपणारा, नंतर न दिसलेला एखादा हमाल, वेटर, भंगारवाला आठवत असेल, त्याला काय नावाने हाक मारायचात हे माहीत असेल, तर खाली लिहा. खुनी कोण असेल याच्या थिअऱ्या नकोत, त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत.