स्कॅन झालं, आता पोथी टाका?

शाळेच्या ग्रुपवर एकाने हिशेब मांडला: पोथ्या स्कॅन झाल्या की कागद कशाला सांभाळायचे? ठाण्याच्या नौपाड्यात तेवढ्या जागेत वन बीएचके बसतो. खाली अंगठ्यांचा पाऊस. इथे लंडनमध्ये बसून माझं डोकं फिरलं.

ज्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, प्राच्यविद्या अभ्यास संस्था हस्तलिखितं नि दुर्मिळ ग्रंथ जपते आहे, तिथली माणसं ही! ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांतले वि. ल. भावे महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांशी झुंजले. पोथ्या कुणीतरी जपल्या होत्या म्हणूनच ना?

ब्रिटिश लायब्ररीत मी मराठी पोथी हाताळली आहे. पेन आत न्यायचं नाही, पेन्सिल चालते. हातमोजे नाहीत, स्वच्छ कोरडे हात पुरतात. लेखनिकाने चुकलेल्या अक्षरावर हरताळ हा पिवळा रंग लावून वर नवं लिहिलं होतं. पान उजेडाकडे तिरकं धरलं तेव्हा खालचं जुनं अक्षर पुसटसं दिसलं. सपाट स्कॅनमध्ये ते कुठून दिसणार? आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये याच लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा स्कॅन केलेली हस्तलिखितं महिनोन्महिने पडद्यावर उघडेनात. कागद मात्र जागेवर होता.

इथे ग्रंथांना मान आहे, असं मी ग्रुपवर ठोकून दिलं. (आमच्या बरोने, म्हणजे इथल्या पालिकेने, वाचनालयाचे तास निम्म्यावर आणलेत, पण तो विषय वेगळा.)

त्यावर एकीने विचारलं, "पावसाळ्यात बुरशी पुसायला तू येणार का?"

झोंबलं. आमच्या घरची पोथी आजही वहिनीच सांभाळते. दसऱ्याच्या आधी लाल रुमाल सोडून ऊन दाखवते, कसर झटकते, वेखंडाची पुरचुंडी बदलते. मी तिला लंडनहून आर्द्रता मोजायचं यंत्र पाठवलं. ते तिने फ्रीजवर ठेवलंय.

पोथी इकडे घेऊन जा, असं दादा कधीचा म्हणतो. जपायला माझं घर जास्त कोरडं आहे, तरी मी टाळतो. ती नौपाड्यात आहे तोवर तिथल्या भांडणात तोंड घालायचा हक्क आहे, असं मला वाटतं. आता बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय, माझीही सही लागणार आहे. वाढीव कार्पेट एरिया किती मिळणार, हे मी दादाला आधीच विचारून घेतलंय. ग्रुपवर त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.