नाव घ्यायचं की राखायचं?

दत्तजयंती जवळ आली की बडोद्याच्या मराठी घरांत जुना वाद निघतो: नामाचा उच्चार चोख हवा, की भाव पुरे? इथे न्यू जर्सीत, लेकवूडच्या कर्मठ ज्यू वस्तीजवळ राहताना तो वाद वेगळा दिसतो.

ज्यूंच्या धर्मग्रंथात देवाचं स्वतःचं नाव चार अक्षरांचं आहे: योद, हे, वाव, हे. सुमारे ६,८०० वेळा येतं, पण वाचताना कुणी उच्चारत नाही. प्रार्थनेत 'अदोनाय', म्हणजे प्रभू. एरवी 'हाशेम', म्हणजे नुसतं 'ते नाव'. आपल्या आज्यांचं 'अहो' आठवतं. नाव फक्त उखाण्यात.

लिहिताना तर फारच जपतात. तोरा, म्हणजे त्या धर्मग्रंथाचे पहिले पाच भाग, चामड्यावर हातानं लिहिली जाते. हे नाव लिहिण्याआधी लेखनिक 'नामाच्या पावित्र्यासाठी लिहितो' असं तोंडानं म्हणतो. दुसरा शब्द चुकला तर शाई खरवडता येते. नाव मात्र खोडता येत नाही. भलत्या जागी पडलं, तर सहसा अख्खं पान काढून नवं शिवतात आणि जुनं पुरतात.

एवढं राखूनही मूळ उच्चार हरवलाच. हिब्रूत स्वर लिहीत नसत. पुढे स्वरचिन्हं आली, तेव्हा 'अदोनाय' म्हणायची आठवण राहावी म्हणून त्याचेच स्वर या चार अक्षरांना लावले. ख्रिस्ती पंडितांनी दोन्ही जोडून वाचलं आणि 'यहोवा' झालं. गुजराती बायबलात तेच आहे; मराठीत त्या जागी 'परमेश्वर'. बडोद्यात दोघांनी शेजारी बसून आपापली प्रत उघडली, तर एक नावानं हाक मारतो, दुसरा पदवीनं.

म्हणून चोख उच्चाराचा हट्ट मला पटत नाही. पण 'नावात काय आहे' हेही नाही. गुजरातेत गरुडेश्वरला १९१४ साली समाधिस्थ झालेल्या दत्तभक्त संन्यासी टेंबे स्वामींचा 'दिगंबरा दिगंबरा श्रीपादवल्लभ दिगंबरा' हा मंत्र १८ अक्षरांचा. माळ उरकायच्या घाईत 'वल्लभ'मधला जोड 'ल्ल' गळतो. मणी पुढे जातो, नाव मागे राहतं. १०८ झाले की मेरुमणी ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. तिथे तरी थांबावंच लागतं.

इथल्या मुलांना 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' जमत नाही, 'विटल' म्हणतात. म्हणू देत. 'त्यापेक्षा गॉड म्हण, सगळं एकच' असं सांगणारे आईबाप जास्त खटकतात.