ओम ‘उजव्या मेंदूचा’ नाही, त्याला अपूर्णांक अडतात

परवा रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला: ‘यशात बुद्ध्यांक २० टक्के, भावनिक बुद्धिमत्ता ८० टक्के. मूल उजव्या मेंदूचं असेल तर गणिताची सक्ती नको. विचारशैली बोटांच्या ठशांवरून ओळखा.’ (‘उजव्या मेंदूचं’ म्हणजे कल्पक, पण तर्कात-गणितात कच्चं, असा समज.) खाली तिचं वाक्य: ‘ओमची गणिताची शिकवणी बंद करतेय.’ ओम नववीत आहे. म्हणून हे लिहितेय.

८० टक्क्यांचं आधी. भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना लोकांपर्यंत नेणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी १९९५च्या पुस्तकात म्हटलं ते एवढंच, की बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के, बाकी इतर गोष्टींचा. त्या ‘इतर’मध्ये घरची परिस्थिती आली, नशीबही आलं. फॉरवर्डवाल्यांनी सगळंच भावनिक बुद्धिमत्तेच्या, म्हणजे स्वतःच्या-इतरांच्या भावना ओळखून हाताळण्याच्या कुवतीच्या खात्यावर टाकलं. २०२० साली मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन मॅकॅन यांच्या गटाने ४२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवरचे दीडशेच्या वर अभ्यास एकत्र तपासले. भावनिक बुद्धिमत्ता आणि गुण यांचा सहसंबंध निघाला साधारण ०.२० (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण). त्याचा वर्ग केला, की गुणांतल्या फरकापैकी जेमतेम ४ टक्के भावनिक बुद्धिमत्तेशी जोडता येतो. बुद्धिमत्ता आणि नेटाने अभ्यास करण्याची सवय, दोन्ही त्याच्या पुढे.

संबंध आहे, हे मान्य करावं लागतं. पेपर हातात पडताच घाबरून येणारं गणितही विसरणारी मुलं मी पाहिली आहेत. पण भीती गेली म्हणून न शिकलेलं गणित येत नाही.

ठशांचं तर थोतांडच. बोटांवरच्या रेषा गर्भातच ठरतात. त्यांवरून विचारशैली कळते याला काडीचा शास्त्रीय आधार नाही.

माझा खरा राग ‘उजव्या मेंदू’वर आहे. युटा विद्यापीठाने २०१३ साली हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. अमका डाव्या मेंदूचा, तमका उजव्या, असं काही सापडलं नाही. आणि चौदा वर्षांच्या पोराला एकदा सांगितलं की ‘गणित तुझ्या मेंदूतच नाही’, की तो वही उघडायचंही सोडतो. ओम मला तेच म्हणाला, मान खाली घालून.

रविवारी त्याची वही घेऊन बसले. क्ष/२ + य/३ = ४. छेद घालवायला सहाने गुणतो, डावीकडे ३क्ष + २य बरोबर लिहितो आणि उजवीकडे ४ तसाच ठेवतो. सलग चार गणितांत हीच एक चूक. पोळीचे तुकडे करून अपूर्णांक पुन्हा समजावले. पाचव्या गणितात उजवी बाजू त्याने न सांगता सहाने गुणली.

ताई, शिकवणी बंद करू नकोस. सरांना एवढंच सांग, अपूर्णांकांपासून धरा.