लाकडी कुंपण कुजलं की 'अख्खं काढा' म्हणे

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर यंदा तीनदा तोच मेसेज आला, की लाकडी कुंपण कुजायला लागलं म्हणजे ते गेलंच, दुरुस्तीच्या नादी लागू नका, सगळं उपटून नवीन करा, खांब काँक्रीटमध्ये गाडा, वरून जळकं ऑईल मारा आणि लाकूड पॅकिंगचं एचटी शिक्क्याचं पाईन घ्या, ते कुजत नाही.

आधी ते 'गेलंच' बघू. नाशकात मखमलाबादला आमच्या घराला आडोशाचं कुंपण आहे, आठ खांबांचं, मागच्या पावसाळ्यात ते वाऱ्याने डुलायला लागलं. प्रत्येक खांबात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. तीन खांबांत मातीलगत चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला, आणि तिथूनच वीतभर वर टोकही शिरेना. बुरशीला ओल पण लागते आणि हवा पण, दोन्ही भरपूर मिळतात ते मातीच्या तोंडाशी, म्हणून खांब तिथेच जातो. वरच्या फळ्या ठणठणीत होत्या, त्या कशाला फेकायच्या?

मी कुंपणाला टेकू दिले, ते तीन खांब चांगलं लाकूड लागेपर्यंत खालून कापले आणि द्राक्षबागेतून निघालेले जुने लोखंडी अँगल जमिनीत उभे करून (नाशकात भंगारवाल्याकडे त्यांना काय तोटा) प्रत्येक खांब दहा एमएमच्या दोन नटबोल्टने त्यांना आवळला. लाकूड आता मातीपासून दोन इंच वर आहे. कापलेलं टोक नीट वाळू दिलं आणि मग ऑईलपेंटचे तीन हात मारले, कारण लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकाकडून. बायको म्हणते खालून पाय दिसतात, दिसू देत.

काँक्रीटचं म्हणाल तर आमचा सगळ्यात कुजका खांब काँक्रीटवालाच निघाला. लाकूड उन्हात आकसतं, कडेने फट पडते, त्यात पाणी उतरतं आणि पेल्यात साचावं तसं साचून राहतं. काळ्या मातीत भेगा पडून खांब कलतात म्हणून अँगलला मी काँक्रीट केलंच, पण माथा थापीने बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला.

जळकं ऑईल पूर्वापार चालत आलंय, मान्य. पण ते वरवरच बसतं, पावसात धुऊन मातीत जातं, इंजिनातल्या झिजलेल्या धातूचे कण त्यात असतात, आणि आमची मेथी-कोथिंबीर कुंपणाला लागूनच आहे. नंतर त्यावर पेंटही धरत नाही.

एचटीचा अर्थ एवढाच की लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलंय, पॅकिंगमधून कीड परदेशी जाऊ नये म्हणून. औषध त्यात काहीच मुरवलेलं नसतं, भिजत राहिलं की ते कुजणारच. अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडचं असलं लाकूड स्वस्तात मिळतं, फळ्यांना खुशाल वापरा, खांबाला नको.

हां, खांबावर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. मग आधी जमिनीत वाळवीचं औषध, खांब कापायचं नंतर. मेसेजमध्ये नेमकं हेच नव्हतं.