कपडा तर आधीच बनलाय, मग जुना घेऊन काय वाचतं?

एक मेसेज सगळीकडे फिरतोय की जुने कपडे घेणं-विकणं म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली नुसता देखावा, कपडा बनलाय, पाणी जायचं ते गेलंय, त्यापेक्षा जुना रिसायकलला टाका आणि नवा घ्या, नाहीतरी जुने कपडे गरीब देशांतच जाऊन सडतात. वाचून फार वाईट वाटलं, कारण यात थोडं खरं मिसळलंय म्हणून लोकांना पटतंय.

पाणी गेलं, बरोबर. पण प्रश्न पुढच्या कपड्याचा आहे ना! एका सुती टी-शर्टला कापसाच्या शेतापासून धरलं तर साधारण २७०० लिटर पाणी लागतं, वर रंगाई, वाफ, केमिकलचं सांडपाणी वेगळंच. मी एक जॅकेट जुनं घेतलं, चेन अडकायची, रनर बदलून घेतला, कोपरापाशी अस्तर उसवलं होतं ते हातानेच शिवलं, आणि त्या थंडीत नवं घेतलंच नाही. फायदा आहे तो इथेच. स्वस्त मिळतात म्हणून पाच जुने उचलले आणि नवेही घेत राहिलो तर काहीच वाचत नाही, हे मान्य करायलाच हवं.

आता रिसायकल. वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या रिपोर्टप्रमाणे कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहून कमी माल परत नव्या कपड्यात जातो. का ते एखादी स्ट्रेच जीन्स हातात घेऊन बघा, कापसात इलास्टेन म्हणजे ताणणारा कृत्रिम धागा विणलेला, शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा, वर चेन, बटण, रिव्हेट, हे सुटं कोण करणार? आणि फाडून पिंजलं की कापसाचे तंतू आखूड होतात, मग सूत कच्चं निघतं, म्हणून बराचसा माल पुसायची फडकी नाहीतर गादीचं भरण होतो.

पॉलिस्टरमधून प्लॅस्टिकचे बारीक धागे सुटतात हेही त्या मेसेजमधे लिहिलंय. सुटतात, पण सगळ्यात जास्त सुटतात ते कपडा नवा असताना, पहिल्या काही धुण्यांत.

राहिला सडण्याचा मुद्दा. चिलीच्या अटाकामा वाळवंटातले टाकलेल्या कपड्यांचे ढीग खरे आहेत, पण त्यात न विकले गेलेले कोरे कपडेही सापडलेत. २००० ते २०१५ मधे जगात कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं, ढिगाचं मूळ तिथे आहे. एकाने फोटो काढून, डाग कुठे आहे ते सांगून शर्ट विकला आणि दुसऱ्याने तोच हवा म्हणून घेतला, याने कुठला ढीग वाढतो? घानात आक्राच्या कांटामांटो मार्केटमधे बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांची गाठोडी फोडून लोक फाटलेलं शिवतात, रंग उडालेलं परत रंगवतात, इस्त्री करून विकतात, आणि त्यांच्या या मेहनतीला आपण मेसेजमधे सडणं म्हणतोय.