दवाखान्यात आईऐवजी बोलणारे आपण

सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये केला, आणि तेव्हापासून लातूरला फोन लावला की चर्चा एकाच गोष्टीची असते: कोणाचे कार्ड निघाले, कोणाचे झिजलेले अंगठे यंत्राने ओळखले नाहीत, कोणत्या दवाखान्यात कार्ड चालते. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ही लहान गोष्ट नाही. परंतु ते भरती होण्याची वेळ आल्यावर कामी येते. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचे मात्र डॉक्टरांसमोरच्या पाच मिनिटांत ठरते, आणि तेवढा वेळ आपली म्हातारी माणसे गप्प असतात.

त्यांना गप्प बसवणाऱ्यांत मीही आहे. गेल्या दिवाळीत इंग्लंडहून आलो असताना आईला तपासणीसाठी नेले, डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मीच दिले, आणि चक्कर येते म्हणून तिने संध्याकाळची गोळी महिनाभरापासून सोडली आहे, हे मला परतताना रिक्षात कळले. ‘‘तुमचं दोघांचं चालू होतं, मधी कसं बोलावं लेकरा?’’ असे ती म्हणाली.

उपचारातील महत्त्वाचे धोके आणि पर्याय रुग्णाला सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. तज्ज्ञांनी पत्र थेट रुग्णालाच, सोप्या भाषेत लिहावे, अशी शिफारस तिथल्या वैद्यकीय संस्थांनी २०१८ मध्ये केली. माझ्या शेजारच्या ऐंशीच्या बाई प्रश्नांचा कागद घेतल्याशिवाय दवाखान्यात जात नाहीत. (तज्ज्ञाची वेळ मिळायला मात्र त्यांना महिने लागतात, लातुरात तो त्याच संध्याकाळी भेटतो, हे कबूल केले पाहिजे.)

नियम आपल्याकडेही आहेत. मागितल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ पासून आहे, आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी जागी लावण्याची सक्ती राज्याने खासगी रुग्णालयांवर २०२१ मध्ये केली. आम्ही गेलो तिथे हा फलक आईला चष्मा लावूनही वाचता येणार नाही इतक्या उंचीवर होता. त्यामुळे माझा भरवसा फलकापेक्षा वहीवर अधिक आहे. आता आदल्या रात्री भाची आजीला विचारून दोन-तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिते, आणि आई गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून नेते. गेल्या महिन्यात चक्कर गोळीमुळे येते का, हे तिने स्वतः विचारले. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले, पण सोबत गेलेल्या माझ्या बहिणीकडे बघून.